टाइट लाय आणि वेजचा सोल: बाउन्स नेमका किती घ्यायचा?

आजचा भाग वेजवर आहे, आणि तोही वेजच्या फक्त खालच्या बाजूवर, म्हणजे सोलवर. ताथवड्याहून एका ऐकणाऱ्याची व्हॉइस नोट आली होती. हिंजवडीत नुकतीच नोकरी लागली आहे, गोल्फ सुरू करून वर्ष झालंय. तो म्हणतो, "दुकानात सांगितलं, नवशिका आहेस, १४ डिग्री बाउन्सची घे, क्लब कधी रुतणार नाही. मित्र म्हणतो, आपल्याकडे जमीन कडक, ४ डिग्रीचीच घे. माझ्या पगारात सध्या एकच वेज बसते. कुठली घेऊ?"

प्रश्न रास्त आहे. चांगल्या कंपनीची नवी वेज आज पंधरा हजारांच्या पुढे जाते, आणि चुकीचा सोल घरी आला की माणूस वर्षभर स्वतःच्या स्विंगला शिव्या घालत बसतो. दोन्ही सल्ले ऐकायला बरोबर वाटतात. माझ्या मते दोन्ही अर्धेच आहेत.

आधी बाउन्स म्हणजे काय ते बघू. ताथवडे, पुनावळे भागात राहत असाल तर खिडकीतून एखादं बांधकाम दिसतच असेल. गिलावा करणाऱ्या गवंड्याचा हात बघा. थापी ज्या दिशेला जाते, त्या बाजूची कड तो जराशी उचलून धरतो. म्हणून ती ओल्या मालावरून सरकते. तीच कड खाली दाबली तर थापी मालात घुसते. वेजचं अगदी हेच आहे. शाफ्ट सरळ उभा धरला की पुढची धार, म्हणजे लीडिंग एज, जमिनीपासून थोडी वर असते आणि सोलचा मागचा भाग जमिनीला टेकतो. त्या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. साधारण ४ ते ६ डिग्री म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्याच्या वर जास्त.

ही कल्पना लोकप्रिय केली जीन साराझेननं. १९३० च्या सुमारास तो विमान चालवायला शिकत होता. विमान उचलताना शेपूट खाली जातं, यावरून त्याला सुचलं आणि त्यानं क्लबच्या मागच्या बाजूला सोल्डर चढवून सोल जाड केला. १९३२ ची ब्रिटिश ओपन तो तोच क्लब घेऊन जिंकला. पण लक्षात घ्या, तो उपाय वाळूसाठी होता. वाळू मऊ असते. आपला प्रश्न टाइट लायचा आहे. म्हणजे चेंडूखाली गवताची गादी नाही, चेंडू जवळजवळ जमिनीवरच बसलाय.

आता गंमत ऐका. सगळे म्हणतात, जास्त बाउन्सची धार वर राहते, ती चेंडूच्या पोटावर आदळते आणि चेंडू सुसाट ग्रीनपार जातो. हिशोब करून बघू. समजा धारेपासून सोलच्या टेकणाऱ्या जागेपर्यंत १० मिलिमीटर अंतर आहे. १० डिग्री बाउन्सला धार जमिनीपासून १.८ मिलिमीटरच्या आसपास वर राहील. ४ डिग्रीला ०.७. म्हणजे फरक एका मिलिमीटरचा! आणि चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याचं पोट जमिनीपासून २१ मिलिमीटरवर. एका मिलिमीटरनं कोणी पोटावर मारत नाही.

मग चेंडू पोटावर लागतो कसा? क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागतो म्हणून. कडक जमिनीवर जाड सोल दोन इंच मागे आपटला की उसळतो, आणि उसळलेली धार पोटात जाते. मऊ जमिनीवर तीच चूक झाली तर जाड सोल सरकून जातो आणि तुम्हाला वाचवतो. कमी बाउन्सची धार मात्र मऊ जमिनीत खुरप्यासारखी घुसते आणि चेंडू हातभर पुढे जाऊन थांबतो.

म्हणून पहिला मुद्दा हा: टाइट म्हणजे कडक असं समजू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुण्यात तर त्या ऋतूनुसार बदलतात. जुलैमध्ये फेअरवे बारीक कापलेला असतो, पण खालची माती भिजलेली. लाय टाइट, जमीन मऊ. तिथे मित्राची ४ डिग्रीची वेज रुतणार. एप्रिल-मे मध्ये तोच फेअरवे वाळून टणक होतो. तिथे दुकानदाराची १४ डिग्री रुंद सोलची वेज फेस उघडून मारली तर उसळणार.

गवताचंही एक आहे. आपल्याकडच्या कोर्सवर सहसा बर्म्युडा किंवा तिचे संकरित वाण असतात. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. वनस्पतीशास्त्रात जात तीच. ही आडवी पसरते आणि तिला एक रोख असतो. चिप रोखाच्या उलट दिशेनं मारायची असेल तर पातळ धार गवतात अडकते, आणि जमीन कडक असूनही थोडा बाउन्स कामाला येतो. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स असो की लवळ्याच्या डोंगरावरचा ऑक्सफर्ड, चेंडूजवळ गेल्यावर आधी पायानं जमीन कशी लागते ते बघा, मग गवत कुठे झुकलंय ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

दुसरी गोष्ट, क्लबवर कोरलेला आकडा म्हणजे सगळं नाही. सोलची रुंदी, त्याची गोलाई आणि टाचेकडचा भाग किती घासलाय, हे तितकंच महत्त्वाचं. यालाच ग्राइंड म्हणतात. टाच घासलेली असेल तर फेस उघडला तरी धार फार उचलली जात नाही. उंच, मऊ चिप मारायची हौस असेल तर हे लागतंच. फेस कायम सरळ ठेवून मारत असाल तर त्याचे जादा पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट तुमचे हात. इम्पॅक्टला शाफ्ट पुढे झुकवला की बाउन्स साधारण तितक्याच डिग्रीनं कमी होतो. १० डिग्रीची वेज ८ डिग्री पुढे झुकवली तर हातात उरली २ डिग्रीची. म्हणजे बाउन्ससाठी पैसे मोजले आणि तो वापरलाच नाही! जे वरून खाली उभं मारतात, मोठे डिव्हॉट काढतात, त्यांना बाउन्स जास्त हवा. जे जमिनीला समांतर झाडू मारल्यासारखं मारतात, त्यांचं कमीत भागतं.

पण आपण कसं मारतो हे कळणार कसं? रेंजच्या मॅटवर तर नाहीच कळणार. मॅटवर क्लब दोन इंच मागे लागला तरी घसरत पुढे जातो, चेंडू छान उडतो आणि आपण खूश. त्यापेक्षा सोलवर परमनंट मार्कर फासा. रेंजवाल्याला विचारून कडेच्या मोकळ्या जमिनीवरून आठ-दहा चिप मारा आणि शाई कुठे पुसली ते बघा. धारेजवळ पुसली असेल तर तुम्ही खोदताय. अगदी मागे पुसली असेल तर क्लब मागच्या भागावर आपटतोय. मध्ये पुसली असेल तर तुमचा बाउन्स तुमच्या कामी येतोय. सोबत मोबाइल जमिनीवर टेकवून स्लो-मोशन व्हिडिओ काढा, म्हणजे क्लब चेंडूआधी किती मागे लागतो तेही दिसेल.

दुकानात करायची युक्ती वेगळी. वेज गुळगुळीत फरशीवर नेहमीच्या स्टान्समध्ये ठेवा आणि धारेखाली एटीएम कार्ड सरकवा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. एक कार्ड जातं की दोन, ते बघा. मग फेस उघडा आणि पुन्हा बघा. चार कार्डं सहज जायला लागली तर मे महिन्यात ती वेज उघडून मारायला अवघड जाईल. सेकंडहँड घेताना तर हे करायलाच हवं. सोल वापरून झिजलेला असतो, आणि आकडा छापील राहिला तरी आकार तो राहत नाही.

आता ताथवड्याच्या मित्राला सरळ उत्तर. एकच घ्यायची असेल तर ५६ डिग्री लॉफ्ट, ८ ते १० बाउन्स, मध्यम रुंदीचा सोल, टाचेला थोडी घासलेली. ही वेज कुठल्याच दिवशी सर्वोत्तम नसेल, पण जुलैत रुतणार नाही आणि मे मध्ये उसळणार नाही. १४ डिग्री वाळूत आणि चिखलात छान, पण एकुलती एक म्हणून नको. आणि ४ डिग्री ज्याचा चेंडू दहापैकी नऊ वेळा आधी लागतो त्याच्यासाठी. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिक खेळला. त्या पातळीवर खेळाडू कोर्सच्या जमिनीप्रमाणे वेज बदलतात. आपल्याला ती चैन नाही, म्हणून मधलं घ्यायचं.

अजून एक, कारण मला माहितीये हे कोणीतरी करणार. आपल्या पट्ट्यात ज्याच्या-त्याच्या ओळखीत भोसरी नाहीतर चाकणला वर्कशॉप असतं, आणि तिथे ग्राइंडर असतो. जुन्या, पडून असलेल्या वेजवर हात साफ करा, खुशाल. नव्या वेजवर नको. २ ग्रॅम धातू गेला तरी स्विंगवेट एका पॉइंटनं बदलतं, वरचं प्लेटिंग जातं आणि घासलेला धातू परत लावता येत नाही. आणि राउंड चालू असताना क्लबचा गुणधर्म मुद्दाम बदलून खेळणं नियमात बसत नाही, त्यामुळे घासायचीच असेल तर आधी घासा.

आणि दरवेळी वेजच काढली पाहिजे असं कुठे लिहिलंय? मध्ये बंकर नाही, जमीन टणक आहे, ग्रीनच्या कडेपासून चार पावलांवर आहात, तर ८ नंबरचं आयर्न घ्या, चेंडू थोडा मागे ठेवा आणि पटिंगसारखं मारा. चेंडू जरासा उडेल आणि घरंगळत जाईल. गवत अगदीच बारीक असेल तर थेट पटर काढा. बॅगेत १४ क्लब ठेवायची परवानगी आहे, त्यातला कुठलाही वापरता येतो.

मार्कर फासलेल्या सोलचे फोटो पाठवा, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या कोर्सवर मारलं तेही लिहा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू, आणि मग बंकरकडे वळू.