माप बदलते, लांबी बदलत नाही



मुलाची उंची घरात फूट-इंचांत सांगितली जाते आणि शाळेच्या दप्तरी ती सेंटिमीटरमध्ये नोंदली जाते. कापड मीटरने येते, जागेची बोलणी मात्र फुटांत होतात. भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने लागू होत गेली. तरीही फूट आणि इंच व्यवहारातून गेले नाहीत. म्हणूनच रूपांतराचे गणित परीक्षेनंतरही सुटत नाही.

त्याचा सारा आधार एकाच संख्येवर आहे : १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. ही संख्या अंदाजाची नव्हे. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती नेमकी ठरलेली आहे. तिला बाराने गुणले की १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर मिळतात.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा गुणाकारात नसते, ती लिहिण्यात असते. पाच फूट चार इंच ही उंची अनेकजण ५.४ फूट अशी लिहितात. परंतु फूट दहा भागांचा नाही, बारा इंचांचा आहे. ५ फूट ४ इंच म्हणजे ६४ इंच, म्हणजेच १६२.५६ सेंटिमीटर. ५.४ फूट मात्र १६४.५९ सेंटिमीटर होतात. एका दशांश चिन्हाने उंची दोन सेंटिमीटरने वाढते!

दुसरी सवय याहून महाग पडते. सोयीसाठी फूट ३० सेंटिमीटरचा धरला जातो. वहीवरची रेघ मोजताना हे खपून जाते. जमीन मोजताना खपत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. अचूक हिशेबाने तिचे क्षेत्रफळ १०१.१७ चौरस मीटर येते, सोयीच्या हिशेबाने ९८.०१. चाळीस गुंठ्यांच्या एका एकरात हा फरक सुमारे १२६ चौरस मीटरचा, म्हणजे सव्वा गुंठ्याचा होतो. एखाद्या कुटुंबाचे घर उभे राहील एवढी भूमी केवळ कागदावर नाहीशी होते.

यावर उपाय साधा आहे. आधी सर्व माप इंचांत आणावे, मग २.५४ ने गुणावे, आलेले उत्तर उलट भागून पडताळावे आणि आकडे पूर्ण करायचे झाल्यास ते अगदी शेवटी करावेत. पालकांनी घरातील दार, मेज, खिडकी मुलांकडून दोन्ही मापांत मोजून घ्यावी. पडताळा पाहिल्याखेरीज उत्तराखाली रेघ न ओढण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या शब्दावर पुढे कारागीर, ग्राहक आणि शेजारी विश्वास ठेवतील.