गोधडीवरचं नाव



गोधडी शिवणाऱ्या माझ्या मैत्रिणींना अध्यक्ष म्हणून माझा एक आग्रह आहे. ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारलं की ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर यापुढे नको. ‘मी गोधड्या शिवते’ असं सांगा.

या सांगण्यात पुष्कळ काही येतं. जुनेराचा ढीग पुढ्यात पडला की कोणतं लुगडं अजून दोन-चार पावसाळे काढेल आणि कोणतं धुताच विरेल, हे हाताला कळावं लागतं. विरलेलं आत, घट्ट विणीचं बाहेर. थर अंथरायचे, सुरकुती काढायची, कच्चे टाके घालायचे आणि मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचं. दोरा ओढला गेला तर कापड चुण्या धरतं, सैल राहिला तर धुण्यात आतला थर गोळा होतो. मशीनवर शिवणारीला गोधडीवाली म्हणावं का, हा वाद आपल्यात आहे. माझ्या मते थर आणि रंग जिनं ठरवले, ती गोधडीवाली. पण मशीनचं काम ‘हातशिलाई’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे आणि तिथं आपण गप्प बसता कामा नये.

आता गोधडी शिवणारीच्या नावाबद्दल. हॅरिएट पॉवर्स ही अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई. बायबलमधले प्रसंग कापडाच्या तुकड्यांतून उभे करणारी तिची गोधडी 1886 मध्ये अथेन्स गावच्या कापूस मेळ्यात मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेनं ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्सनं नकार दिला. पुढं दिवस ओढगस्तीचे आले. 1891 मध्ये तिनं 10 डॉलर मागितले, हाती 5 पडले. दिली, तरी ती पुन्हा पुन्हा आपली गोधडी पाहायला जात असे. आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एकेका चौकटीचा अर्थ स्मिथबाईंनी पॉवर्सच्या तोंडून ऐकून लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. याउलट, 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. त्या गाजल्या, पण त्या शिवणाऱ्या बहुतेकजणी निनावीच राहिल्या. मला याचं फार वाईट वाटतं. वस्तूला मान आणि हाताला काहीच नाही, असं आपल्याकडंही रोज घडतं. ज्या कामाला नाव नाही, त्याचा दाम विकत घेणारा ठरवतो.

जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांचं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतले कितीतरी पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून त्या रानात आले. कवंदीच्या, म्हणजे त्यांच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचे ‘फुला’ लागल्याशिवाय ती पुरी झाली असं या बायका मानत नाहीत. आपणही असाच एक नेम करू या. कोपऱ्यात नाव, गाव आणि साल असल्याशिवाय गोधडी विकायला काढायची नाही. अक्षरं कुणा लेकराकडून खडूनं रेखून घ्या आणि त्यावर साखळीटाका घाला. घरात आईची, सासूची निनावी वाकळ असेल, तर विचारायला ती माऊली आहे तोवर तिचंही नाव घालून घ्या. या ठरावाला आपली संमती मागते.