विट्याचे तरुण आणि शरीरसंपत्ती



खानापूर तालुक्यातील विटा हे गाव दोन उद्योगांमुळे ओळखले जाते : एक यंत्रमागाचा आणि दुसरा सोनेचांदी गाळण्याचा. पहिला गावातच चालतो. दुसऱ्याकरिता इकडचे तरुण, मिसरूड फुटते न फुटते तोच, केरळापासून दिल्लीपर्यंत दूरदूरच्या सराफबाजारांत जाऊन राहतात. या गलाई व्यवसायाने दुष्काळी मुलखात पैसा आणला, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्या पैशापायी शरीराची झीज किती होते, याचा हिशेब घरोघरी मांडला जातो काय?

काम कसे असते पाहा. सोन्यात चांदी मिसळून ते वितळवावयाचे व मग नत्राम्लात टाकावयाचे. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. या क्रियेत तांबूस वायू निघतो. तो फुप्फुसांस अत्यंत अपायकारक असून त्याचा त्रास कित्येकदा काही तासांनंतर, माणूस निजावयास गेल्यावर, जाणवू लागतो. त्यावर उपाय धुराडे आणि खेळती हवा हाच. रोज शंभर जोर काढणारा गडीही तेजाबाच्या वाफेपुढे बलवान ठरत नाही. हे आधी सांगितलेले बरे, कारण व्यायामाची थोरवी गाणारे आपण लोक पुष्कळदा त्याच्याकडून भलतेच मागत असतो. घरच्या मंडळींनी मुलास पगार विचारताना खोलीस खिडकी आहे की नाही, हेही विचारावे.

व्यायामाचे काम निराळे. दिवसभर मुशीपुढे बसून आखडलेले अंग, मंदावलेली भूक, लवकर लागणारी धाप, यांवर त्याचा इलाज चालतो. या तालुक्यास कुस्तीची परंपरा मोठी. भाळवणीचे चंद्रहार पाटील २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले. पण तालमीस तांबडी माती हवी, वस्ताद हवा, जोडीदार हवा. परमुलखात माडीवरच्या खोलीत राहणाऱ्या मुलास हे कोठून मिळावे?

अशा मुलासाठी आपल्या शेजारीच एक उत्तर सिद्ध झालेले आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानातच होती. राजवाड्यातील स्त्रियाही नमस्कार घालीत. १९३८ साली या व्यायामावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. एका सतरंजीएवढी जागा, ना साहित्य, ना खर्च. राजाने प्रजेस सांगण्यापूर्वी स्वतः घाम गाळावा, ही गोष्ट मला पुस्तकाहून मोठी वाटते.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटे, आणि प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल सांगते. रोज पहाटे पंचवीस मिनिटे नमस्कार घातले तर प्रौढाचा हिशेब सहज पुरा होतो. मात्र नमस्कार घालावयाचे ते भट्टी पेटण्यापूर्वी व खिडक्या उघडून. धुरकट खोलीत दीर्घ श्वास घेणे म्हणजे विष अधिक ओढणे होय.

नमस्कारात एक उणेपणा आहे, तो त्याचे अभिमानी सहसा सांगत नाहीत. त्यात रेटणे आहे, वाकणे आहे, ओढणे नाही. ते दोरावर चढून वा मल्लखांबावर साधते, आणि त्याकरिता सुटीत गावी आलेल्या मुलास तालमीचे दार मोकळे असावे.