सुई आणि गल्ला
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला मेळाव्यात केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलण्याचा आम्हां दोघी जावांस मुळीच सराव नाही. आमचा सराव दुकानाच्या फळीपलीकडून बोलण्याचा, "कोणता रंग दाखवू?" आणि "किती लड्या देऊ?" एवढ्यातच आमचे सारे वक्तृत्व संपते. तथापि ज्याने त्याने आपल्या व्यवसायात जे शिकावयास मिळाले ते या महोत्सवी वर्षी चारचौघांपुढे मांडावे, अशी फादरांची इच्छा. म्हणून सुईदोऱ्याचे लहानसे दुकान चालवीत असता हातचे भरतकाम कसे मागे पडते, आणि ते मागे पडू नये म्हणून काय करावे, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

दुकानात येणाऱ्या पुष्कळ भगिनी म्हणतात, "तुमचे बरे आहे बाई! दिवसभर दोऱ्यांतच बसायचे. तुमचे काम भराभर होत असेल." ही समजूत गोड खरी, परंतु वस्तुस्थिती दिव्याखाली अंधार अशी आहे. सुईत दोरा ओवावा तो कोणी बटण जुळवून मागते. एक टाका घालावा तो कोणी साखळीचा टाका शिकवावयास सांगते. प्रत्येक काम मिनिटाचे असते, परंतु अशा मिनिटांनीच दिवस भरतो. रात्री गल्ला मोजून, उधारीची वही लिहून आणि दुसऱ्या दिवसाच्या मालाची यादी करून उठावे, तर डोळ्यांत निजेखेरीज काही उरलेले नसते.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. या महोत्सवाच्या प्रारंभीच्या मिस्साकरिता वेदीवस्त्र भरून देण्याचे आम्ही मोठ्या उत्साहाने कबूल केले होते. लिननच्या किनारीवर गव्हाच्या २४ ओंब्या काढावयाच्या होत्या. एका ओंबीस दीड संध्याकाळ, म्हणजे ३६ संध्याकाळी, असा आम्ही हिशेब मांडला. हिशेब बिनचूक होता. चूक एवढीच, की त्या संध्याकाळी आमच्या मालकीच्या आहेत असे आम्ही धरून चाललो. पुढे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या पोशाखांची घाई आली, शाळांचे हस्तव्यवसाय आले, लग्नसराई आली. प्रारंभीच्या मिस्साच्या दिवशी वेदीवर जुनेच वस्त्र होते, आणि आमच्या पेटीत पंधरा ओंब्यांवर अडकलेले नवे.

एवढ्यावर भागले नाही. त्याच सुमारास एक विद्यार्थिनी दाराशी आली. तिला दुसऱ्या दिवशी शाळेत मॅटीच्या कापडावरचा नमुना द्यावयाचा होता, आणि नेमका आमच्या ओंब्यांचाच सोनेरी पिवळा रंग हवा होता. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून आम्ही वेदीवस्त्राकरिता ठेवलेल्या अखेरच्या दोन लड्या तिला विकल्या. नवा माल आला. क्रमांक तोच, परंतु रंग किंचित फिका. जाणत्या भगिनींस सांगणे नको, की एकाच क्रमांकाचा दोरा निरनिराळ्या वेळी रंगविला गेला तर छटेत फरक पडू शकतो. लडी हातात असता तो दिसत नाही. कापडावर शेजारी शेजारी टाके पडले म्हणजे दिसतो. वस्त्राच्या डाव्या टोकाच्या दोन ओंब्या इतरांहून फिक्या आहेत. त्या उसवाव्यात असे मनात आले; परंतु उसविल्याने लिननवर सुईची भोके उरली असती. सहा महिन्यांच्या उशिराने ते वस्त्र वेदीवर चढले. ज्यांस ठाऊक नव्हते त्यांस ते दिसले नसेल. आम्हांस मात्र प्रत्येक मिस्साच्या वेळी प्रथम तेच दिसते.

या खंतीत असता आम्हांस एका थोर स्त्रीच्या चरित्राचा आधार मिळाला. बाळ येशूच्या संत तेरेजेचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिची माता झेली ही सुईच्याच व्यापारात होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. फ्रान्स देशात १८३१ साली तिचा जन्म झाला. आलांसों गावची नामांकित लेस करावयास शिकून तिने १८५३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आपला स्वतंत्र धंदा थाटला. ही लेस किती कष्टाची, हे ऐकण्याजोगे आहे. नक्षी चर्मपत्रावर काढून टोचतात. मग रेषांवरून दोरा बसवून सुईने जाळी व भरण घालतात, आणि कडांना उठाव देतात. पुढे वस्तऱ्याच्या पात्याने लेस चर्मपत्रापासून सोडवितात, आणि शेवटी भरणास शेवंडीच्या नांगीने घासून तकाकी आणतात. आपण किनाऱ्यावरची माणसे. शेवंडीचा हा उपयोग आपल्याही ध्यानात कधी आला नसता! एक चौरस सेंटिमीटर लेस तयार होण्यास सुमारे सात तास लागतात, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यास एक संपूर्ण दिवस. २०१० साली युनेस्कोने या कलेची मानवजातीच्या वारशात नोंद केली.

झेलीबाईंच्या कामकरी स्त्रिया आपापल्या घरी लेसचे तुकडे करीत, आणि दर गुरुवारी ते त्यांच्याकडे आणून देत. मागण्या घेणे, काम वाटणे, मजुरी चुकविणे हा सारा व्याप बाईंच्या अंगावर होता. १८५८ साली लुई मार्तें या घड्याळजीशी त्यांचा विवाह झाला. नऊ अपत्ये झाली आणि त्यांतील चार लहानपणीच देवाघरी गेली. १८७० साली पतीने आपले घड्याळाचे दुकान सोडले व पत्नीच्या व्यवसायास हातभार लावला. रविवारी मात्र त्या घरी व्यापार बंद असे. त्यांची दोनशेंहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. लेकरांच्या दुखण्याखुपण्याबरोबर लेसच्या कामाचा जाच त्यांत वारंवार डोकावतो. १८७७ साली कर्करोगाने त्यांचे देहावसान झाले, आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या दांपत्यास एकत्र संतपद दिले.

आम्ही त्यांच्या पासंगासही पुरणार नाही. परंतु त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. एवढा व्याप असताही, तयार तुकडे एकमेकांस जोडण्याचे काम त्यांनी स्वतःच्या हाती ठेविले होते. सांधा कोठे आहे हे दिसता कामा नये, असे ते नाजूक काम. सर्व कामे आपणच करीन असा त्यांचा हट्ट नव्हता, आणि सर्व कामे इतरांवर सोपवून नुसता गल्ला सांभाळावा असेही त्यांनी केले नाही. ज्या सांध्यावर मालाची कसोटी लागते, तेथे त्यांची स्वतःची सुई होती. आम्हांस वाटते, सुईच्या दुकानदाराने याहून अधिक शिकावयाचे नाही व याहून कमीही नाही. आपली सुई थांबली की आपण काय विकतो हेच आपणांस कळेनासे होते. एका छटेच्या दोन लड्यांत फरक पडतो हे आम्ही गिऱ्हाइकांस नेहमी सांगत आलो. तरी हात कामातून सुटला तेव्हा आम्हीच ते विसरलो.

यावरून आम्ही काही नेम केले आहेत. पहिला असा, की एका वेळी दोनच कामे हाती घ्यावयाची. फळीवर क्रोशाची किनार, कारण ती कोणत्याही टाक्यावर सोडून गिऱ्हाइकाकडे वळता येते; आणि घरी मोजणीचे भरतकाम, कारण तेथे मोजणी चुकविणारे कोणी नसते. दुसरा असा, की काम आरंभण्यापूर्वीच लागणाऱ्या सर्व लड्या, वर आणखी दोन, एकदम बाजूस काढून पाकिटात घालावयाच्या आणि वर "विक्रीस नाही" असे लिहावयाचे. लडी सहापदरी व आठ मीटर लांबीची असते. एका ओंबीस किती दोरा जातो हे एकदा मोजले की अंदाज चुकत नाही. कारखान्याच्या छटा चारशेंहून अधिक, आमच्याजवळ जेमतेम सव्वाशे. तेव्हा "हा रंग आज नाही" असे गिऱ्हाइकास सांगण्यात कमीपणा मानू नये. तिसरा नेम, जितक्या संध्याकाळी लागतील असे वाटते, त्याच्या दुप्पट सांगून मगच शब्द द्यावा.

याचा दुकानास तोटा झाला काय? उलट, भिंतीवर टांगलेला पूर्ण नमुना पाहून ज्या भगिनी दोरा घेतात, त्या नुसती रंगांची फळी पाहून घेत नाहीत. आपल्या हाताचे काम ही दुकानाची पाटीच होय.

ज्या मुली असे दुकान काढण्याचा विचार करीत असतील, त्यांनी अवश्य काढावे. भांडवलापेक्षा नेम अधिक लागतो, एवढे मात्र ध्यानी धरावे. संत झेलीबाईंच्या स्मरणार्थ आम्हीही आता गुरुवारची दुपार राखून ठेविली आहे. ज्यांच्या पेटीत अर्धवट राहिलेले काम असेल, त्यांनी ते घेऊन यावे. त्या दिवशी फळीच्या अलीकडे व पलीकडे असा भेद नाही. सर्वजणी सुई धरून बसतात.

आणि आपणांपैकी कोणास वेदीवस्त्रावरील त्या दोन फिक्या ओंब्या दिसल्या, तर आम्हांस क्षमा करावी.