वडिलार्जित नाण्यांचें मोल

घरांतला कर्ता पुरुष गेला म्हणजे जुन्या पेट्या उघडतात, आणि एखाद्या पेटींतून नाण्यांचा डबा निघतो. त्याची किंमत कशी करावी आणि घेणारानें रास्त बोली कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

अहिल्यानगरांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतों त्या शहरांत, एका स्नेह्याच्या पश्चात् मी त्याच्या घरीं गेलों होतों. पितळी डब्यांत तीनेकशें नाणीं होतीं. वारस तिघे, दोन मुलगे व एक मुलगी. थोरला म्हणाला, "काका, किंमत तुम्हीच ठरवा आणि तुम्हीच घेऊन टाका." हे शब्द ऐकून मला संकोच वाटला. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं एका विधवा बाईंकडून असाच डबा सरसकट वजनावर घेतला होता. घरीं आल्यावर त्यांत एक नाणें असें निघालें, कीं त्या एकट्याचें मोल मीं दिलेल्या सर्व रकमेहून अधिक होतें. बाईंना मीं तें कळविलें नाहीं. पारख करणारा आणि खरेदी करणारा एकच असला म्हणजे असें होतें. सबब मुलांना म्हटलें, आधीं यादी करूं, बोली मागाहून.

स्नेह्याच्या वहींत प्रत्येक खरेदीची नोंद होती, हें बरें झालें. जमिनींत सांपडलेलें धन असतें, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें तें कलेक्टरास कळवावें लागतें.

प्रथम चांदी. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि पुढें राणीचा रुपया म्हणजे एक तोळा, आजच्या मापानें ११·६६ ग्रॅम. त्यांत बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकलचा. तेव्हां सगळे रुपये एकाच तागडींत घालणें हा अडाणीपणा, नाहीं तर लबाडी. धातूचा भाव हा किंमतीचा तळ होय. त्याच्या वर किती, हें साल, टांकसाळ आणि झीज ठरवितात. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. बादशहाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ सालीं ठसा बदलावा लागला. १९३९ चा रुपया याहूनही दुर्मिळ. पण त्याच्या नकला इतक्या, कीं जाणत्याला दाखविल्यावांचून आनंद मानूं नये.

खरी मौज तांब्यांत होती. देवघरांतल्या हळदकुंकवानें माखलेल्या शिवराया, आणि त्यांत फारसी अक्षरांचे चार जाड, ओबडधोबड पैसे. मुलें ते मोडींत काढणार होतीं! भिंगाखालीं बुऱ्हाणाबाद हें टांकसाळीचें नांव लागलें. ते निजामशाहीचे फलूस होते. मलिक अहमदानें १४९० सालीं स्थापिलेली आणि १६३६ सालीं बुडालेली ती शाही. तिचीं उपलब्ध नाणीं बहुतेक तांब्याचींच. मोडीच्या भावानें त्यांस काय येणार? संग्राहक मात्र धातूच्या कित्येक पट देतो. दुर्दैवानें धाकट्यानें त्यांतला एक चिंचेनें घासून लखलखीत केला होता. शतकांचा काळसर थर गेला, अक्षरें पुसट झालीं. त्याची किंमत मीं निम्मी धरली. माळेसाठीं कडी डागलेल्या रुपयांचीही तीच गत.

बोली करतांना दुकानदारांच्या मागणीचे आंकडे मीं घेतले नाहींत. लिलावांत प्रत्यक्ष आलेले घेतले. साध्या रुपयांस चांदीच्या भावाहून थोडें अधिक, आणि निवडक नाण्यांस लिलावाच्या किंमतीचे तीन हिश्शांतले दोन हिस्से. उरलेला हिस्सा माझी जोखीम व माझा नफा, असें यादीखालीं स्पष्ट लिहिलें. डबा सबंध घेईन, लोणी काढून ताक तुमच्याकडे ठेवणार नाहीं, असेंही सांगितलें. यादी आणखी दोघांना दाखवून मग उत्तर द्या, म्हटलें. कोणी परदेशांतील भावाचा मोह दाखवील, तर शंभर वर्षांवरील नाणीं बाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे.

पंधरा दिवसांनीं मुलीनें विचारलें, "काका, ते चार पैसे इथल्याच राज्याचे ना? ते मी ठेवूं का?" सबंध डब्याची अट मीं सोडली. यादींतली त्यांची किंमत तिच्या वांट्यांत धरली गेली, आणि बाकीचे पैसे मीं तीन पाकिटांत दिले.

परततांना त्या जुन्या बाईंच्या घरावरून गेलों. दारावर दुसऱ्याच नांवाची पाटी होती.