गावठी गाईचं नाव



पाचवीत बाईंनी ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध सांगितला होता. मी गाय निवडली, पण लिहिली पुस्तकातली: पांढरीशुभ्र, धष्टपुष्ट, बादलीभर दूध देणारी. प्रबळगडाच्या पायथ्याशी आमच्या गोठ्यात होती ती तांबडी. लहानखुरी, दिवसाला जेमतेम दोन लिटर दूध देणारी. गावठीच ती, तिच्यावर काय लिहायचं?

१९९८ साली मी इंजिनिअरिंगला असताना बाबांनी विचारलं, “गुरं ठेवायची का गं?” मी वहीत हिशेब मांडला: दूध इतकं, भाव इतका. तांबडी विकली, संकरित गाय आणली. तिला पेंड लागायची, पावसाळ्यात ती आजारी पडायची. दोन वर्षांत तीही विकली. तांबडी मात्र माळावर चरून पोट भरायची, धो धो पावसात डोंगर चढायची. तिचे पाडे मोठे होऊन चिखलणीला जुंपले जायचे, शेण राबाला जायचं. यातलं काहीच माझ्या हिशेबात नव्हतं. पुढे पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर कळलं, जो रकानाच ठेवला नाही, तो बेरजेत कधी येत नाही.

कोकणातल्या या गुरांना २०१८ मध्ये रकाना मिळाला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘कोकण कपिला’ ही स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद केली. कपिला म्हणजे तांबूस. पण या जातीत काळी, पांढरी, करडी गुरंही आहेत.

पण नावानं पोट भरत नाही. आपल्या पनवेलच्या आसपास गुरचरणं आणि भातखाचरं इमारतींखाली गेली. उरलेल्या शेतात पॉवर टिलर आला. चारा आणि काम दोन्ही संपलं की गोठा रिकामा होतो.

ज्यांच्या घरी अजून गोठा आहे, त्यांना एक विनंती. पशुगणनेला माणूस आला की नुसतं ‘गावठी’ सांगू नका, कोकण कपिला आहे का ते तपासून नोंदवायला सांगा. चांगला वळू विकण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आणि हिशेब मांडाल तेव्हा माझ्यासारखं फक्त दूध मोजू नका.

बाई, निबंध उशिरा देते आहे. मार्क कापलेत तरी चालतील.