कॅनडांतील बाळाचें आसन

ज्यांच्या लेकीसुनांचीं बाळंतपणें कॅनडांत व्हावयाचीं आहेत, त्यांनीं बाळाचें मोटारींतील आसन येथून वा अमेरिकेंतून नेण्याच्या भरीस पडूं नये. मेपलच्या पानाची सरकारी सुरक्षामुद्रा नसलेलें आसन तेथील कायद्यास चालत नाहीं. वापरलेलें घेतांना त्यावरील अखेरची तारीख पाहावी; अपघातांत सांपडलेलें तर फुकटहि नको. तान्ह्याचें तोंड मागच्या कांचेकडे असावें. समोरून धक्का बसला तर डोकें, मान व पाठ आसनाच्या आधारानें सांवरतात. खरा घोटाळा हिंवाळ्यांत होतो. आजीनें प्रेमानें पाठविलेलें कापूस भरलेलें अंगडें धक्क्यासरशीं चेपतें, पट्टा सैल पडतो आणि मूल त्यांतून निसटूं शकतें. पातळ कपड्यांवरच पट्टा आवळावा—आजी रुसली तरी चालेल—आणि दुलई त्यावरून पांघरावी.